ठोकळ्यांचा पसारा कसा आवरावा?

घाटकोपर स्थानकाच्या पश्चिमेला डोंगराच्या उतारावर दाट वस्ती आहे. तेथील एका गल्लीत सार्वजनिक नळाला सकाळी थोडाच वेळ पाणी येते. तेवढ्या वेळात सर्व घरांचे हंडे भरून व्हावे लागतात. त्या गल्लीतील नववीच्या तीन मुलींनी गेल्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक मोबाईल अ‍ॅप तयार केले. कल्पना सोपी होती. नळाजवळ राहणाऱ्या मुलीच्या फोनमध्ये रांगेतील नावे नोंदवायची आणि ज्या घराचा नंबर आला त्या घरी एसएमएसने निरोप पाठवायचा. म्हणजे रांगेत तासभर ताटकळायला नको.

प्रदर्शनात अ‍ॅपचे कौतुक झाले. गल्लीनेही ते वापरायला घेतले आणि मग सूचना येऊ लागल्या. नाव रद्द करण्याची सोय हवी, गैरहजर असलेल्याला वगळता आले पाहिजे, हंड्यांची संख्या लिहिता आली पाहिजे. दोन महिन्यांत अ‍ॅप चौपट वाढले. आणि एके दिवशी एका बाईंना निरोप मिळालाच नाही. त्यांचा नंबर गेला. थोड्या वेळाने निरोप आला म्हणून त्या धावत नळावर आल्या, तर फोनच्या पडद्यावर दुसरीचेच नाव! पाणी गेले आणि हंडे रिकामे राहिले.

त्या तिघींपैकी एकीची बहीण माझी विद्यार्थिनी. तिच्या ओळखीने मुली माझ्याकडे आल्या. लॅपटॉप उघडून एक जण म्हणाली, "सर, सगळे ठोकळे बरोबर बसलेत. तरी चुकतंय."

विद्यार्थिमित्रांनो, या एका वाक्यात आजच्या लेखाचा विषय आला. ठोकळे बरोबर बसणे आणि काम बरोबर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम लहान असते तोपर्यंत हा फरक जाणवत नाही. ते मोठे झाले की जाणवतो. तो का जाणवतो आणि त्यावर उपाय काय, हे आपण पाहू.

ठोकळ्यांनी आज्ञावली कशी लिहितात?

संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या क्रमवार मांडणीला आज्ञावली म्हणतात. एरवी ती अक्षरांत लिहितात. त्यात एखादा स्वल्पविराम चुकला तरी संगणक अडून बसतो. नवशिक्याची ही अडचण दूर करण्यासाठी प्रत्येक आज्ञेचा एक रंगीत ठोकळा करायचा आणि चित्रकोड्याच्या तुकड्यांप्रमाणे ते जुळवायचे, ही कल्पना निघाली. जो तुकडा ज्या खाचेत शोभत नाही तो तेथे बसतच नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेली 'स्क्रॅच' ही भाषा तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत पाहिली असेल.

मोबाईल अ‍ॅपसाठी असेच साधन आहे 'अ‍ॅप इन्व्हेंटर'. एमआयटीतील प्राध्यापक हॅल एबल्सन यांच्या पुढाकाराने ते गूगल कंपनीत तयार झाले आणि २०१० साली लोकांसमोर आले. २०११ च्या अखेरीस गूगलने ते चालवणे थांबवले. पण एमआयटीने ते हाती घेतले आणि २०१२ पासून ते पुन्हा सर्वांना विनामूल्य मिळू लागले. २०१३ च्या डिसेंबरात त्याची दुसरी आवृत्ती निघाली. आज आपण वापरतो ती हीच. थंकेबल, कोड्युलर ही साधनेही याच घराण्यातली.

यात कामाच्या दोन जागा असतात. पहिल्या जागी अ‍ॅपचा पडदा सजवायचा. बटण, चौकट, यादी अशा वस्तू तेथे मांडायच्या. या वस्तूंना घटक म्हणतात. दुसऱ्या जागी ठोकळे जुळवायचे. 'हे बटण दाबले की' असा एक ठोकळा घेऊन त्याच्या पोटात काय करायचे ते भरायचे. बटण दाबणे ही झाली घटना आणि पोटातील ठोकळे हे तिचे उत्तर. माहिती लक्षात ठेवण्यासाठी चल असतात. काही चल एका ठोकळ्याच्या पोटापुरतेच असतात. ते स्थानिक चल होत. काही त्या पडद्यावरील सर्वांना वाचता व बदलता येतात. ते सार्वत्रिक चल होत.

मुंबईतील एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. धारावीत चित्रपटकार नवनीत रंजन यांनी सुरू केलेल्या 'धारावी डायरी' या उपक्रमात शाळकरी मुलींनी हेच साधन वापरून अ‍ॅप तयार केली. एक अ‍ॅप संकटात सापडलेल्या स्त्रीला धोक्याचा इशारा देता यावा म्हणून होते, एक अभ्यासासाठी आणि एक चक्क सार्वजनिक नळावरील पाण्याच्या रांगेसाठी! घाटकोपरच्या मुलींनी याची बातमी वाचली होती आणि त्यांना कल्पना सुचली ती तेथूनच. सांगायचे हे की ठोकळ्यांनी खेळणीच होतात असे नाही. त्यांनी केलेल्या कामावर एखाद्या घरचे पाणी अवलंबून राहू शकते. म्हणून ते नीट करायला शिकले पाहिजे.

पसारा का वाढतो? थोडे गणित

समजा, तुमच्या आज्ञावलीत n ठोकळे आहेत. त्यांपैकी कोणत्याही दोन ठोकळ्यांचा एकमेकांवर परिणाम होऊ शकतो. एक ठोकळा यादी बदलतो, दुसरा तीच यादी वाचतो. अशा जोड्या किती? वर्गातील प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हस्तांदोलन केले तर किती हस्तांदोलने होतील, हाच तो प्रश्न. उत्तर n(n−१)/२.

१० ठोकळ्यांच्या जोड्या ४५ होतात, १०० ठोकळ्यांच्या ४,९५० आणि १,००० ठोकळ्यांच्या ४,९९,५००. ठोकळे दहापट झाले की जोड्या सुमारे शंभरपट होतात. यांतील बहुतेक जोड्यांचा प्रत्यक्षात काही संबंध नसतो, हे खरे. पण कोणत्या जोडीचा संबंध आहे आणि कोणत्या जोडीचा नाही, हे पाहिल्यावाचून कळत नाही. चूक शोधणाऱ्याची दमछाक होते ती येथे.

आता त्याच १०० ठोकळ्यांचे दहा-दहाचे १० गट करू. नियम असा की गटातील ठोकळे आपसात हवे तसे बोलतील, पण दुसऱ्या गटाशी संबंध ठेवायचा तो गटाच्या एकाच दारातून. मग प्रत्येक गटात ४५ जोड्या, म्हणजे १० गटांत ४५०, आणि १० दारांच्या आपसातील जोड्या ४५. एकूण ४९५. ४,९५० ऐवजी ४९५, म्हणजे दहावा हिस्सा! ठोकळा एकही कमी केला नाही, फक्त भिंती घातल्या.

पण भिंतींचाही अतिरेक करता कामा नये. त्याच १०० ठोकळ्यांचे दोन-दोनचे ५० गट केले तर? गटांतील जोड्या ५० आणि दारांच्या जोड्या १,२२५. एकूण १,२७५. म्हणजे पसारा पुन्हा वाढला. गट फार मोठे नकोत आणि फार लहानही नकोत.

मोटरमन काय पाहतो?

'ब्लॉक' म्हटले की मुंबईकराला रविवारचा मेगाब्लॉक आठवतो. पण रेल्वेच्या भाषेत दोन सिग्नलांमधील रुळांच्या तुकड्यालाही ब्लॉक म्हणतात. घाटकोपरहून मुलुंडकडे निघालेल्या लोकलच्या मोटरमनचा विचार करा. त्या वेळी मार्गावर कितीतरी गाड्या धावत असतात. त्या सर्वांचे स्थान आणि वेग मोटरमनला ठाऊक असतो का? नाही. त्याला पुढचा सिग्नल तेवढा दिसतो. लाल असेल तर थांबायचे. पिवळा असेल तर पुढचा सिग्नल लाल मिळेल असे समजून सावध राहायचे. दोन पिवळे असतील तर पुढे एक पिवळा आहे असे जाणायचे. हिरवा असेल तर जायचे. पुढच्या तुकड्यांविषयीची सारी माहिती चार खुणांत सामावलेली असते.

गाडी कोणती आहे, तिला डबे किती आहेत, ती का थांबली आहे, यातले काहीही मोटरमनला जाणून घ्यावे लागत नाही. ते जाणून घेत बसला तर गाडी चालवणे त्याला अशक्य होईल. मोठी व्यवस्था चालते ती प्रत्येकाला सर्व काही माहीत असते म्हणून नव्हे, तर प्रत्येकाला थोडेच माहीत असून भागते म्हणून.

मोठी आज्ञावली लिहिण्याचे रहस्य हेच आहे.

चूक कोठे होती?

आता घाटकोपरच्या अ‍ॅपकडे वळू. मुलींनी 'नावे' आणि 'क्रमांक' अशा दोन याद्या ठेवल्या होत्या. पहिलीत घराचे नाव, दुसरीत त्याच जागी त्या घराचा फोन क्रमांक. समजा रांगेत क, ख, ग, घ, च अशी पाच घरे आहेत. दोन्ही याद्यांत तोच क्रम आहे. आता ग-ने नाव रद्द केले. 'रद्द' बटणाच्या ठोकळ्यांनी 'नावे' यादीतून ग काढला, पण 'क्रमांक' यादीतून काढला नाही.

नावे: क, ख, घ, च
क्रमांक: क, ख, ग, घ, च

क आणि ख यांचे पाणी भरून झाले. तोपर्यंत सर्व ठीक. मग पडद्यावर घ-चे नाव आले, पण निरोप गेला ग-च्या फोनवर. घ आली नाही म्हणून तिला गैरहजर ठरवून वगळले. पडद्यावर च-चे नाव आले आणि निरोप गेला घ-ला! त्या बाई धावत आल्या तेव्हा दुसरीचे नाव का दिसत होते, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

चूक झाली कशी तेही पाहा. सुरुवातीला फक्त 'नावे' ही यादी होती. निरोपाची सोय नंतर केली, तेव्हा 'क्रमांक' यादी आली. रांगेतून नाव काढण्याचे ठोकळे तीन ठिकाणी होते: 'भरून झाले', 'गैरहजर' आणि 'रद्द'. पहिल्या दोन ठिकाणी मुलींनी दुसऱ्या यादीचा ठोकळा जोडला. तिसरे ठिकाण कामाच्या जागेत दूर एका कोपऱ्यात होते. ते नजरेआड राहिले. नाव रद्द होण्याचा प्रसंग क्वचित येई, म्हणून चूक बरेच दिवस लपून राहिली. ती शोधायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. दुरुस्तीला मात्र एक मिनिट पुरले.

पसारा आवरण्याचे उपाय

१. आधी कागद. लॅपटॉप उघडण्यापूर्वी वहीत पडद्यांची चित्रे काढा. प्रत्येक पडद्यावर कोणती माहिती दिसते आणि कोणती बदलते ते लिहा. अ‍ॅपमधील प्रत्येक यादीसाठी एक ओळ लिहा: ही यादी कोण वाचतो? कोण बदलतो? बदलणारे एकापेक्षा जास्त निघाले तर तेथे लाल खूण करा. पुढची चूक बहुधा तेथेच होणार आहे.

२. एक काम, एक जागा. सारखेच ठोकळे दुसऱ्यांदा जुळवण्याची वेळ आली की थांबा आणि त्यांची प्रोसिजर करा. प्रोसिजर म्हणजे नाव दिलेली कृती. एकदा लिहायची आणि हवी तेथे नावाने बोलवायची. समजा, निरोप पाठवण्यासाठी १४ ठोकळे लागतात आणि ते ६ ठिकाणी हवे आहेत. नकला केल्या तर ८४ ठोकळे होतील आणि मजकूर बदलायचा झाला तर सहा ठिकाणी जावे लागेल. प्रोसिजर केली तर १४ ठोकळे, तिच्या नावाचा १ आणि बोलावण्याचे ६, असे २१ ठोकळे होतात. आणि बदल एकाच ठिकाणी करावा लागतो. ठोकळे वाचले हा लहान फायदा. विसरायला जागा उरली नाही, हा मोठा.

मुलींनी 'रांगेतून काढा' अशी प्रोसिजर केली. ती दोन्ही याद्यांतून एकाच जागचे नाव व क्रमांक काढते. तिन्ही बटणे आता तिलाच बोलावतात. याद्यांना हात लावण्याचा अधिकार दुसऱ्या कोणत्याही ठोकळ्याला नाही. म्हणजे याद्यांभोवती भिंत झाली आणि तिला एक दार. उद्या दोन याद्यांऐवजी नाव व क्रमांक यांची जोडी करून एकच यादी ठेवायची ठरले, तरी बटणांना त्याचा पत्ताही लागणार नाही.

३. सार्वत्रिक चल जपून वापरा. सार्वत्रिक चल म्हणजे चाळीतील सामाईक फळा. कोणीही यावे, पुसावे, लिहावे. गणित करताना तात्पुरती लागणारी संख्या स्थानिक चलात ठेवा. काम संपले की ती आपोआप नाहीशी होते.

४. नावे अर्थपूर्ण द्या. नवीन बटण घेतले की त्याला बटण१, बटण२ अशी नावे आपोआप मिळतात. पाच बटणे असताना हे चालते. 'बटण१७ दाबले की' याचा अर्थ महिन्याभराने तुम्हालाही सांगता येणार नाही. नावात तीन गोष्टी आणा: वस्तू कोणती, पडदा कोणता, काम कोणते. उदाहरणार्थ, बटण_रांग_रद्द. घटक पडद्यावर ठेवल्याबरोबर त्याचे बारसे उरकून टाका.

५. पडदे किती असावेत? अ‍ॅप इन्व्हेंटरमध्ये प्रत्येक पडद्याचे ठोकळे स्वतंत्र असतात. ही एक तयार भिंतच होय. पण एका पडद्याचे सार्वत्रिक चल दुसऱ्या पडद्याला दिसत नाहीत. माहिती पोचवायची तर पडदा उघडताना ती सोबत द्यावी लागते, किंवा 'टायनीडीबी' नावाच्या साठ्यात ठेवावी लागते. हा साठा फोनमध्ये राहतो आणि त्या अ‍ॅपच्या सर्व पडद्यांना दिसतो. मात्र तो एकाच फोनपुरता असतो, हे विसरू नका. शिवाय एक पडदा बंद न करता दुसरा उघडत गेले तर ते एकावर एक साचतात आणि अ‍ॅप मंदावते. म्हणून दहाच्या वर पडदे करणे टाळतात. एकाच माहितीवर चालणारी कामे एकाच पडद्यावर ठेवून, नको तो भाग लपवणे व हवा तो दाखवणे, ही युक्ती पुष्कळदा पुरते. ज्यांची माहिती वेगळी आहे अशा कामांना वेगळे पडदे द्यावेत. मुलींनी रांग एका पडद्यावर आणि तक्रारवही दुसऱ्या पडद्यावर ठेवली.

६. मांडणी आणि टिपा. पूर्ण झालेला, तपासलेला ठोकळासमूह मिटून ठेवता येतो. मग त्याचे फक्त नाव दिसते. ठोकळ्याला टीप जोडता येते. हे ठोकळे काय करतात ते चित्रावरून दिसतेच, म्हणून ते असे का केले हे टिपेत लिहा. ठोकळे दुसऱ्या पडद्यावर नेण्यासाठी 'दप्तर' आहे. त्यात ठोकळे टाकायचे आणि तिकडे जाऊन काढायचे. सोय चांगली आहे, पण तिने मिळते ती नक्कल. मूळ सुधारले तरी नक्कल सुधारत नाही.

७. एका वेळी एकच बदल. प्रयोगशाळेत आपण तारेची लांबी बदलताना तिची जाडी बदलत नाही. तसेच येथे करा. एक बदल करा, फोन जोडून तपासा, मगच पुढे जा. अ‍ॅप फोनवर चालू असताना एखाद्या ठोकळ्यावर उजवी टिचकी मारून तेवढाच ठोकळा चालवून पाहता येतो. त्याची त्या क्षणाची किंमत लगेच कळते. नेहमीचे प्रसंग तपासाच, पण क्वचित येणारे प्रसंग आधी तपासा: रांग रिकामी असताना 'रद्द' दाबले तर? शेवटच्याने नाव काढले तर?

८. जुन्या प्रती ठेवा. अ‍ॅप इन्व्हेंटर तुमचे काम आपोआप साठवतो. म्हणजे तुमची चूकही आपोआप साठवतो! म्हणून काम नीट चालत असेल त्या दिवशी त्याची प्रत काढून ठेवा. पूर्ण प्रकल्प एका फाइलच्या रूपाने उतरवून घेता येतो. ही फाइल म्हणजे एक गाठोडे असते. त्यात प्रत्येक पडद्यासाठी दोन फाइली असतात, एक सजावटीची आणि एक ठोकळ्यांची. ठोकळ्यांच्या फाइलीत प्रत्येक समूह कामाच्या जागेत कोठे ठेवला आहे हेही लिहिलेले असते. त्यामुळे ठोकळे नुसते इकडून तिकडे सरकवले तरी फाइल बदलते आणि दोन प्रतींची तुलना करून खरा बदल शोधणे कठीण जाते. यावर उपाय वहीचा. तारीख, काय बदलले, का बदलले, कोणी बदलले, एवढे चार रकाने पुरेत.

अनेकांनी मिळून काम

एकाच प्रकल्पावर दोघांनी दोन संगणकांवरून एकाच वेळी काम करू नये. एकाचे काम दुसऱ्याच्या कामाने पुसले जाण्याचा धोका असतो. पडदे वाटून घ्यावेत, प्रत्येकाने आपला पडदा वेगळ्या प्रकल्पात करावा आणि शेवटी प्रकल्प जोडण्याच्या साधनाने ते एकत्र आणावेत. पण काम वाटण्यापूर्वी दारे ठरवावीत. टायनीडीबीत कोणती माहिती कोणत्या नावाने ठेवायची, पडदा उघडताना सोबत काय द्यायचे, हे कागदावर लिहून सर्वांनी मान्य करावे. एकीने 'रांग' म्हणून साठवायचे आणि दुसरीने 'यादी' म्हणून शोधायचे, असे झाले तर दोघींचेही काम बरोबर असून अ‍ॅप चालणार नाही.

हे दुखणे ठोकळ्यांपुरते नाही. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे संगणकतज्ज्ञांची एक परिषद भरली होती. मोठ्या आज्ञावल्या वेळेवर पुऱ्या होत नाहीत आणि बिनचूक होत नाहीत, हीच चिंता तेथे होती. १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी एका निबंधात त्यावर मार्ग दाखवला. त्यांचे म्हणणे असे की आज्ञावलीचे भाग कामाच्या क्रमाने पाडू नयेत. पुढे बदलण्याचा संभव असलेला प्रत्येक निर्णय एकेका भागात झाकून ठेवावा. आमच्या मुलींनी याद्यांभोवती घातली ती भिंत हीच. आज तुम्ही ठोकळ्यांवर ही शिस्त शिकलात तर उद्या कोणत्याही भाषेत ती उपयोगी पडेल. ठोकळ्यांनी व्याकरणाची अडचण सोडवली आहे. विचार करण्याचे काम मात्र आपल्याकडेच राहिले आहे.

त्या मुली आता दहावीत आहेत. अभ्यासामुळे अ‍ॅपकडे पाहायला त्यांना वेळ होत नाही. त्यांनी ते काम आठवीतील दोघींना सोपवले आणि सोबत वहीही दिली. परवा रद्द करणाऱ्याचे कारण नोंदवण्याची सोय करायची होती. नव्या मुलींनी वही वाचली, 'रांगेतून काढा' या प्रोसिजरपाशी गेल्या आणि एका संध्याकाळी काम पुरे केले. कोणाला काही विचारावे लागले नाही. काम चांगले झाले आहे की नाही याची माझ्या मते हीच परीक्षा: करणारा समोर नसतानाही ते दुसऱ्याला कळले पाहिजे.

करून पाहा

१. ६० ठोकळ्यांचे (अ) ३, (आ) ६, (इ) १२, (ई) ३० असे समान गट करा. प्रत्येक वेळी गटांतील जोड्या आणि दारांच्या जोड्या मिळून किती होतात? कोणती विभागणी सर्वांत सोयीची?

२. वरील उदाहरणात ग-ऐवजी शेवटच्या च-ने नाव रद्द केले असते तर चूक केव्हा उघडकीस आली असती? नंतर आणखी एक घर रांगेत आले असते तर काय झाले असते? दोन्ही याद्या कागदावर लिहून पाहा.

३. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी अ‍ॅप करायचे आहे. त्यात कोणत्या याद्या लागतील? प्रत्येक यादी कोण वाचेल आणि कोण बदलेल याचा तक्ता करा.

४. तुमचा एखादा जुना ठोकळ्यांचा प्रकल्प मित्राला दाखवा. स्वतः काही न बोलता, एखादे बटण काय करते ते त्याला सांगता येते का पाहा.

पहिल्या प्रश्नाची उत्तरे: (अ) ५७३, (आ) २८५, (इ) १८६, (ई) ४६५. विभागणी न करता १,७७०.